मेजवानीतील १०० पाहुणे

यादृच्छिक आलेखांविषयी वर्गात काही सांगावयाचे तर आल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांच्या २००२ सालच्या 'लिंक्ड' या पुस्तकातील मेजवानीचा दाखला हाताशी असावा. परस्परांना न ओळखणारे १०० पाहुणे जमतात, ओळखी होतात आणि एकाला सांगितलेली उंची मद्याची खबर ओळखींच्या वाटेने पसरते. पाहुणे म्हणजे ठिपके, ओळखी म्हणजे रेषा. पॉल एर्डोश आणि आल्फ्रेड रेन्यी या हंगेरियन गणितज्ञांनी १९६० च्या निबंधात दाखवले की, चिठ्ठ्या टाकून रेषा काढत गेल्यास दर ठिपक्यामागे सरासरी एक रेषा होताच चित्र पालटते. त्यापुढे विखुरलेल्या छोट्या गटांतून एकच मोठा गट झपाट्याने वाढतो. कारण सोपे आहे. खबर मिळालेला माणूस ती सरासरी एकाहून कमी नव्या लोकांना देत असेल तर ती विझते. अधिकांना देत असेल तर दूरवर जाऊ शकते.

इथवर दाखला उत्तम. आमचा आक्षेप पुढे आहे. प्रत्येकाची एकेक ओळख झाली की सारी मेजवानी जोडली गेली, असा समज वाचकाचा होतो. पण १०० जणांनी ५० जोड्या करून गप्पा मारल्या, तरी प्रत्येकाची एक ओळख होतेच आणि कोणताही गट दोघांपलीकडे जात नाही! चिठ्ठ्यांनी १०० ओळखी करून दिल्या, म्हणजे सरासरी २, तरी मोठ्या गटात सुमारे ८० जण येतात आणि १३ च्या आसपास अगदी एकटे राहतात. सर्वांना जोडण्यास सुमारे २३० ओळखी लागतात, कारण शेवटच्या एकट्याची चिठ्ठी निघेपर्यंत थांबावे लागते. मोठा गट बनणे आणि सर्व जोडले जाणे या दोन निराळ्या घटना आहेत. लोकप्रिय पुस्तकाने नेमका हाच फरक पुसट करावा, याचे आम्हाला वाईट वाटते.

वर्गातील ४० मुलांवर हे करून पाहता येईल. प्रत्येकाला निराळा गटक्रमांक द्यावा. चिठ्ठीने निघालेल्या दोघांचे क्रमांक निराळे असतील, तर लहान गटाने मोठ्या गटाचा क्रमांक घ्यावा. संगणकही गट असेच सांभाळतो. क्रमांक बदलताना मुलाचा गट किमान दुप्पट होतो; म्हणून कोणाचाही क्रमांक ५ पेक्षा अधिक वेळा बदलत नाही.