फूट कोणता, ते आधी सांगा

शाळेच्या वह्यांच्या मागच्या पुठ्ठ्यावर आणि गणिताच्या मार्गदर्शकांत रूपांतराचे एक कोष्टक हमखास असते. १ फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर, १ साखळी म्हणजे २०.११६८ मीटर, १ हात म्हणजे ४५.७२ सेंटिमीटर. सगळ्या ओळी एकाच ठशात आणि एकाच आत्मविश्वासाने छापलेल्या असतात. आमचा आक्षेप या सारखेपणाला आहे. या ओळींची लायकी सारखी नाही, आणि हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

आधी फुटाचेच पाहू. १ फूट = ०.३०४८ मीटर ही व्याख्या १९५९ साली इंग्लंड, अमेरिका आणि इतर चार देशांनी मिळून ठरवली. ती ठरवून घेतलेली असल्यामुळे तिच्यात चूक असण्याचा प्रश्नच नाही. पण त्याआधी मोजलेल्या जमिनींचे काय? अमेरिकेत १८९३ पासून १ फूट म्हणजे १२००/३९३७ मीटर असे मानत. दोहोंतला फरक दहा लाखांत दोन भाग, म्हणजे मैलाला सुमारे ३ मिलिमीटर. हसण्यावारी न्यावा असा! तरी तिथल्या मोजणीदारांनी हा जुना फूट सोडला नाही, कारण त्यांच्या नकाशांतले निर्देशांक वीस-वीस लाख फुटांच्या घरात असतात आणि तिथे हाच फरक चार फुटांचा होतो. हा फूट अधिकृतपणे निवृत्त झाला तो थेट २०२२ च्या अखेरीस.

आपल्याकडची गोष्ट याहून बोलकी आहे. लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजली ती शंभर फुटी पोलादी साखळीने. पुढे एव्हरेस्टने लोखंड आणि पितळ यांच्या जोडीचे दहा फुटी दांडे वापरले. ही जोडी अशासाठी की, उन्हात दोन्ही धातू वेगवेगळे प्रसरण पावतात आणि त्या फरकाचा उपयोग करून दांड्यावरच्या दोन खुणांतले अंतर कायम ठेवता येते. १८३० साली एव्हरेस्टने पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या काढली : २,०९,२२,९३१.८० फूट. आता हिचे मीटर करा.

कोष्टकातला ०.३०४८ घेतला तर उत्तर येते ६३,७७,३०९.६ मीटर. पण १९३७ साली भारतीय फुटाचे मूल्य ०.३०४७९८४१ मीटर मानले गेले. त्याने गुणल्यास येतात ६३,७७,२७६.३ मीटर. १९७५ चे मूल्य ०.३०४७९९५ घेतले तर ६३,७७,२९९.२. एव्हरेस्टच्या आकड्यातला एकही अंक न बदलता त्रिज्या तेहतीस मीटरपर्यंत हलते! पृथ्वी अर्थातच जागची हललेली नाही, आणि नकाशावरचे गावही तेवढे सरकत नाही. १९३७ आणि १९७५ च्या फुटांतला फरक शंभर किलोमीटरला सुमारे ३६ सेंटिमीटर पडतो. भिंतीवरच्या नकाशात तो दिसणार नाही. जुन्या सर्वेक्षणाचे बिंदू उपग्रहाच्या मोजणीशी जुळवणाऱ्याला मात्र फूट कोणत्या सालचा हे विचारावेच लागते. कोष्टकात सालाचा रकाना नसतो.

आता दुसरे टोक. सभासदाच्या बखरीत शिवकालीन जमीनमोजणीची काठी पाच हात पाच मुठींची सांगितली आहे. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा. याचे चौरस मीटर करा म्हटले की मुलगा कोष्टकातले ४५.७२ उचलतो. हा आकडा आला कुठून? हात म्हणजे अर्धा यार्ड असे पुढे इंग्रजी मापाशी जुळवून घेतले, त्या अठरा इंचांचे हे सेंटिमीटर आहेत. दशांश चिन्हापुढचे दोन अंक इंग्रजी यार्डाचे आहेत. मोजणाऱ्याच्या कोपराशी त्यांचा काही संबंध नाही. समजा हात ४५ ते ५० सेंटिमीटर आणि मूठ ८ ते ९ सेंटिमीटर धरली. काठी २.६५ ते २.९५ मीटर होते आणि बिघा सुमारे २,८०० ते ३,४८० चौरस मीटर. लांबीत अकरा टक्क्यांची अनिश्चितता क्षेत्रफळात चोवीस टक्क्यांवर जाते, कारण लांबीचा वर्ग होतो. इथे ‘२,८०० ते ३,४८०’ हेच बरोबर उत्तर आहे. दोन दशांश स्थळांपर्यंतचे उत्तर चूक आहे, आणि गुण मात्र नेमके त्यालाच मिळतात.

या दोहोंच्या मध्ये आपला गुंठा बसतो. गुंटरने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी रूढ केली. तशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. मुंबई इलाख्यात निम्मी, ३३ फुटी साखळी वापरली गेली आणि तिचे आणे सोळा. ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हिशेब सुरेख आहे. पण शेतात ओढून ओढून साखळीच्या कड्या झिजतात, ताणतात. ती एक इंच जरी लांबली तर लांबीत पाव टक्का आणि क्षेत्रात अर्धा टक्का जमीन कमी भरते, म्हणजे एकराला सुमारे वीस चौरस मीटर. अशा मोजणीच्या गुंठ्यापुढे १०१.१७१४ लिहिणे हा निव्वळ शोभेचा प्रकार आहे. बांधाचा वाद त्या दशांशांनी सुटत नाही. त्यासाठी मोजणी केव्हाची आणि साखळी तपासलेली होती का, हे पाहावे लागते.

कोष्टक फाडून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. सुतळीचा गुंडा घेऊन वर्गाला मैदानावर न्या. प्रत्येकाने आपल्या पाच हात पाच मुठींची काठी मोजून टेपने तिचे मीटर करावेत आणि बिघा काढावा. चाळीस मुलांची चाळीस उत्तरे फळ्यावर चढत्या क्रमाने मांडा, आणि मग कोष्टकातल्या हाताने काढलेला बिघा त्यांत कुठे बसतो ते मुलांनाच शोधू द्या.