बाजाराचा घाट

बाजार म्हटला, की आपल्या लेखकांना पहिला शब्द सुचतो तो 'गजबज'. ग्रामीण कथेत आठवड्याचा बाजार येतो तो बहुधा रंग, धूळ आणि आरडाओरडा एवढे भांडवल घेऊन; नायकनायिकेची गाठ पडली, की त्याचे काम संपते. नगरपालिकेचे अभियंतेही बाजाराकडे ह्याच नजरेने पाहतात. फरक इतकाच, की लेखकाला जी गजबज मोहक वाटते ती त्यांना बेशिस्त वाटते. बाजाराला स्वतःची काही रचना असते, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. ती रचना कोणती, आणि तिचे मोल कोणत्या कसोटीवर ठरवावयाचे, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

'सौंदर्य आणि साहित्य' ह्या 1955 सालच्या ग्रंथात मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घाटाचा विचार संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांच्या आधारे केला. बाजार ही कलाकृती नव्हे, हे मान्यच आहे. तरी ही तीन तत्त्वे हाती घेऊन उघड्या मैदानावरचा आठवडे बाजार पाहिला, तर गर्दीच्या पोटातली मांडणी दिसू लागते.

प्रथम संवाद. माळव्याशेजारी माळवे, धान्याशेजारी धान्य, कापडाशेजारी कापड. प्रतिस्पर्ध्याच्या मांडीला मांडी लावून बसणे हा वरवर पाहता आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो. परंतु जेथे भावाची पाटी नसते तेथे गिऱ्हाईक तीन ठिकाणी विचारल्यावाचून पिशवी उघडत नाही. दूर एकटीच बसलेल्या मिरचीवालीचा भाव रास्त आहे की नाही, हे ताडावयाला साधन नसते. ओळीत बसलेलीचा भाव तिची शेजारीणच पारखून देते. म्हणजे ही ओळ विकणाऱ्यांच्या सोयीइतकीच घेणाऱ्याच्या अविश्वासातून जन्मली आहे.

विरोधही तितकाच सहेतुक असतो. सुके बोंबील आणि मिरचीचा खकाणा एका अंगाला, तर कापड आणि गूळ दुसऱ्या. कुंभाराची मडकी गर्दीच्या कडेला, कारण एका धक्क्यासरशी दिवसाची कमाई जावयाची. जनावरांचा बाजार पाणी आणि झाडांची सावली पाहून वेगळा भरतो. कासार मात्र आडोसा शोधतो; बांगड्या भरावयाच्या तर बाईला निवांत बसता आले पाहिजे आणि तिचा हात स्थिर राहिला पाहिजे.

समतोल शोधावयाचा तो जागेत नव्हे, वेळेत. आठवडे बाजारात सकाळचा विकणारा हाच दुपारचा गिऱ्हाईक असतो. शेतकरी आपले माळवे, अंडी, कोंबड्या विकतो. त्याच पैशांतून मीठ, तेल, कापड घेतो. आणि उरलेच तर परतीच्या वाटेवर पोरांसाठी शेव-जिलेबी. खाऊची पाले एस.टी. थांब्याच्या वाटेवर का असतात, ह्याचे उत्तर ह्या क्रमात आहे. बाजार पावलांच्या क्रमाने लागलेला असतो. कागदावरच्या नकाशात हा क्रम दिसत नाही, कारण नकाशाला सकाळ-दुपार नसते.

येथवर आले, की हा घाट आपोआप उमलला, त्याला कोणी हात लावू नये, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पेठ वसविताना व्यापाऱ्यांना जागा नेमून देणारे शेटे-महाजन हे वतनदार होते. बाजाराची मांडणी करणारे हात पूर्वीही होतेच. आणि कडेला बसणारे सगळेच काही मडक्यांच्या काळजीने कडेला बसत नव्हते. चपला विकणारा चांभार, केरसुण्या आणि दोर विकणारा मांग हेही अनेक गावांत कडेलाच असत, आणि त्याचे कारण वारा किंवा धक्का नसून जात हे होते. निव्वळ घाटाकडे पाहणाऱ्या टीकाकाराला हाही 'विरोध' लयीत बसलेला दिसेल. रूपवादी कसोटी अपुरी पडते ती नेमकी येथे. कवितेतल्या शब्दाला आपण कोठे बसावे ह्याची तक्रार नसते. बाजारातल्या माणसाला असते.

पुण्याची मंडई ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरणारा भाजीबाजार 1886 मध्ये अष्टकोनी मनोऱ्याच्या भव्य इमारतीत गेला. गव्हर्नर रे ह्यांचे नाव तिला मिळाले. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी ह्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीला फुल्यांचे नाव देण्यात आले. ह्या विरोधाभासावर अनेकजण हसून थांबतात. परंतु फुल्यांचा आक्षेप म्हणजे बाजाररचनेवरची उत्तम टीकाच होती : ही शोभा कोणासाठी, आणि कोणाच्या पैशांनी? इमारत देखणी आहे, ह्यात शंका नाही. तरी आजही तिच्या भोवताली, उघड्यावर, कितीतरी विक्रेते बसतात; आतला गाळा ज्यांना मिळत नाही किंवा परवडत नाही, त्यांचा बाजार बाहेर पुन्हा उभा राहतो.

2014 साली झालेल्या पथविक्रेत्यांच्या कायद्याने 'नैसर्गिक बाजार' ही कल्पना मान्य केली, आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेल्या अशा बाजारांतील विक्रेत्यांना हलवू नये, असेही म्हटले. नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडलेले असावेत, अशी तरतूद त्यात आहे. कायद्याने बाजाराचे वाचन लेखकांपेक्षा अधिक समंजसपणे केले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु 'नैसर्गिक' ह्या शब्दाने जुन्या मांडणीतला अन्यायही निसर्गाच्या खाती जमा होऊ नये. दुसऱ्या बाजूने, जमिनीवर पांढऱ्या रंगाचे सारखे चौकोन आखणे म्हणजे न्याय, ही समजूतही तितकीच भोळी आहे. कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन येणाऱ्या म्हातारीला तो चौकोन फार मोठा असतो आणि त्याचे भाडे त्याहून मोठे. ती आजवर दोन ओळींमधल्या फटीत बसत आली. चौकोन आखले, की पहिली नाहीशी होते ती फट.

म्हणून बाजाराच्या मांडणीची कसोटी लावावयाची ती ह्या म्हातारीच्या जागेवरून. पावले जेथून जातात तेथे तिला बसता येते काय? शेजारीण तिचा भाव पारखून देईल इतक्या जवळ ती असते काय? ह्या दोन प्रश्नांना होकार देणारी मांडणी वाकडीतिकडी असली तरी ती चांगली. नकार देणारी कितीही रेखीव असली तरी ती फसलेली. अभियंत्यांनी नकाशा काढण्यापूर्वी आणि कथालेखकांनी 'गजबज' लिहिण्यापूर्वी एक अख्खा बाजारदिवस, पहाटे पहिले गोणपाट अंथरले जाते तेव्हापासून शेवटची पाटी डोक्यावर चढेपर्यंत, त्या फटीशेजारी उभे राहून पाहावा.