समावेशक अध्यापन आणि तंत्रज्ञानाची नीती : खांडबारा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

उच्च शिक्षणातील तंत्रज्ञानाची चर्चा बहुधा साधनांपाशी सुरू होते आणि साधनांपाशीच संपते. संगणक किती, नेटवर्क मिळते का, किती विद्यार्थ्यांजवळ स्मार्टफोन आहे, हे प्रश्न आवश्यक आहेत. परंतु नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ते पुरेसे ठरत नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. जिल्ह्यातील नवापूर रेल्वे स्थानकाच्या फलाटावरून महाराष्ट्र व गुजरातची सीमा जाते आणि तेथे मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत उद्घोषणा होतात. भोवतालच्या गावांत बोलली जाणारी मावची त्यांत नाही. त्याच लोहमार्गावरील खांडबारा परिसरातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी पुष्कळदा घरी मावची बोलतो, वर्गात मराठी ऐकतो आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी वाचतो. तंत्रज्ञान समावेशक आहे किंवा नाही, हे या विद्यार्थ्याच्या भाषेला त्यात कोणते स्थान मिळते यावरून ठरवावे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

नोंद आणि समावेश

या जिल्ह्याला अंकीय व्यवस्थेचा परिचय नवा नाही. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली या गावी प्रदान करण्यात आले. त्यानंतरच्या काळात शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेश, परीक्षा आणि अलीकडे ‘अपार’ ओळखक्रमांक असे विद्यार्थिजीवनाचे बहुतेक टप्पे संगणकीय नोंदीशी जोडले गेले. शिष्यवृत्तीची रक्कम थेट खात्यात जमा होऊ लागली, हा लाभ नाकारता येणार नाही. तथापि नोंद झाली म्हणजे समावेश झाला, असे मानणे चुकीचे आहे. नोंदीमुळे विद्यार्थी व्यवस्थेला दिसू लागतो; ती व्यवस्था त्याला समजतेच असे नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च शिक्षणातील समता व समावेशन यांचा विचार चौदाव्या प्रकरणात, तर तंत्रज्ञानाचा विचार तेविसाव्या व चोविसाव्या प्रकरणांत आला आहे. अंकीय दरी दूर झाल्याशिवाय ऑनलाइन शिक्षणाचा लाभ पदरात पडणार नाही, हे धोरण मान्य करते. भारतीय भाषांतील आशयावरही त्यात भर आहे. परंतु हा आशय शक्यतो विद्यार्थ्याच्या अध्ययनमाध्यमातून पोहोचावा, अशी तेथील अपेक्षा आहे. मावचीभाषक विद्यार्थ्याचे माध्यम मराठी असल्याने मराठी आशय उपलब्ध होताच त्याची गरज भागली, असा अर्थ यातून निघतो. धोरणातील उणीव नेमकी येथे आहे.

संमतीची भाषा

हीच उणीव कायद्यातही दिसते. अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत पाहण्याचा पर्याय द्यावा लागतो; अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची संमती लागते. २०११ च्या जनगणनेत भिली गटाच्या भाषकांची संख्या एक कोटीहून अधिक होती, तरी भिली आठव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे ज्या पालकाचा व्यवहार मावचीत चालतो, त्याची सही कायद्याच्या दृष्टीने वैध ठरली तरी ती समजून दिलेली संमती असेलच असे नाही. असा अर्ज भरून घेणारे महाविद्यालय या प्रश्नापासून अलिप्त राहू शकत नाही.

केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू केलेल्या ‘आदि वाणी’ या भाषांतरप्रणालीच्या पहिल्या टप्प्यात भिलीचा समावेश झाला, हे स्वागतार्ह आहे. मात्र भिली हे एकजिनसी रूप नाही. मध्य प्रदेशातील भिलीवर घडविलेली प्रणाली खांडबाऱ्याच्या मावचीला कितपत उपयोगी पडेल, हे येथील भाषकांनीच तपासले पाहिजे. शिवाय अशा प्रणालींसाठी गावकऱ्यांचे आवाज व कथा गोळा केल्या जातात. त्यांवर हक्क कोणाचा, हाही नीतीचाच प्रश्न आहे.

मूल्यमापनातील धोका

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर ओळखणारी साधने आता अध्यापकांच्या हाती आली आहेत. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या लेखकांचे खरेखुरे निबंधही अशी साधने मोठ्या प्रमाणावर यंत्रलिखित ठरवितात, असे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले. मर्यादित शब्दसंपदा व सरळ वाक्यरचना यांमुळे हा संशय येतो. दुसऱ्या वा तिसऱ्या भाषेत लिहिणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यावर केवळ यंत्राच्या निर्णयावरून ठपका ठेवणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

एक आक्षेप

उच्च शिक्षणात बोलींना स्थान देणे अव्यवहार्य आहे, त्यांत परिभाषा नाही आणि विद्यार्थ्यांनाच इंग्रजी हवी आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्यांश आहे. परंतु येथे माध्यम बदलण्याची मागणी नाही. संकल्पनेचे स्पष्टीकरण विद्यार्थ्यांना आपसांत मावचीतून करू द्यावे, त्यातून विषयवार शब्दसूची त्यांच्याच हातून तयार व्हावी, व्याख्यानांच्या लहान ध्वनिफिती नेटवर्कशिवाय ऐकता येतील अशा द्याव्यात, संमतिपत्राचा आशय सहीपूर्वी घरच्या भाषेत तोंडी समजावून सांगावा आणि संशयित लेखनाचा निर्णय विद्यार्थ्याशी प्रत्यक्ष बोलूनच करावा, एवढेच अपेक्षित आहे. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. अध्यापकाचा वेळ मात्र लागतो, आणि कार्यभाराच्या गणनेत तो वेळ धरला जात नाही.

समारोप

तंत्रज्ञानाची नीती हा केवळ संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमातील एक घटक मानून चालणार नाही. प्रवेशअर्जापासून उत्तरपत्रिकेपर्यंत ती अध्यापकाच्या रोजच्या निर्णयांत उतरत असते. ज्या जिल्ह्यात आधारची सुरुवात झाली, त्या जिल्ह्यातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्याच्या क्रमांकाइतकीच त्याच्या भाषेचीही दखल घेतली, तरच समावेशक अध्यापन या संज्ञेला अर्थ प्राप्त होईल.