कथा हेही चिंतनच

बार्बरा ख्रिश्चन (१९४३-२०००) यांचे नाव आपल्या वाचकांना फारसे परिचित नसावे. कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर जन्मलेल्या या विदुषीने १९६३ साली मिलवॉकी येथील मार्क्वेट या येशूसंघीय विद्यापीठाची पदवी घेतली. पुढे १९७८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कायमचे अध्यापकपद मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री होण्याचा मान त्यांना लाभला.

'ब्लॅक विमेन नॉव्हेलिस्ट्स' हा त्यांचा ग्रंथ १९८० चा. अमेरिकन कथासाहित्याने कृष्णवर्णीय स्त्रीला बहुधा गोऱ्यांची मुले सांभाळणारी एकनिष्ठ दाई किंवा मिश्र रक्ताची अभागिनी अशा ठरीव साच्यांत बसविले होते. हे साचे मोडून जिवंत स्त्री उभी करणाऱ्या लेखिकांची १८९२ पासूनची परंपरा ख्रिश्चन यांनी उलगडून दाखविली. पॉल मार्शल, टोनी मॉरिसन व ॲलिस वॉकर यांच्या कादंबऱ्यांचे त्यात सविस्तर विवेचन आहे. मॉरिसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते त्यानंतर १३ वर्षांनी.

त्यांचा सर्वांत गाजलेला निबंध 'द रेस फॉर थिअरी' (१९८७). शीर्षकातील 'रेस' शब्दाचे शर्यत आणि वंश असे दोन्ही अर्थ त्यांना अभिप्रेत आहेत. समीक्षा दुर्बोध परिभाषेत अडकली, की ती भाषा न बोलणारे विचारच करीत नाहीत असा समज दृढ होतो. ख्रिश्चन यांचे म्हणणे असे, की त्यांच्या समाजाने सदैव तात्त्विक चिंतन केले; मात्र ते कथांतून, कोड्यांतून आणि म्हणींतून.

सेमिनरीत व्याख्यांपासून आरंभ करण्याची सवय लागलेल्या माझ्यासारख्याला हे वाचताना थांबावे लागते. शेजारी कोण, असे शास्त्र्याने विचारले तेव्हा प्रभूने व्याख्या दिली नाही. यरीहोच्या वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाची कथा सांगितली.

तरीही एक मतभेद नोंदविणे प्राप्त आहे. परिभाषेवर टीका करताना ख्रिश्चन अनेक भिन्न विचारवंतांना एकाच मापाने मोजतात. व्याख्येलाही तिचे कार्य असते, इ. स. ३२५ च्या निकेया धर्मपरिषदेने नेमका शब्द शोधण्यासाठी घेतलेले कष्ट व्यर्थ नव्हते. परंतु शब्द सत्याचे रक्षण करतो, की सामान्यांना दाराबाहेर ठेवतो, हा त्यांचा प्रश्न खराच आहे. प्रवचनपीठावर चढण्यापूर्वी आम्हा धर्मगुरूंनीही तो स्वतःला विचारावा.