पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनातील कृपाविचार

यवतमाळ येथे 1953 ते 1983 पर्यंत असलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या धर्मशिक्षणात, तारण कर्माने नव्हे तर कृपेने, हा सिद्धांत पायाभूत होता. त्याचा अनुभवपक्ष पाहावयाचा, तर पंडिता रमाबाईंच्या 1907 मधील इंग्रजी आत्मनिवेदनाकडे वळावे लागते. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त लाभला नाही, असे त्या येथे सांगतात.

टीकाकार बहुधा हे धर्मांतर स्त्रीदास्याविरुद्धचे बंड मानतात. त्याने बाप्तिस्म्याची संगती लागते. त्यानंतरच्या असमाधानाची लागत नाही. आईवडिलांसह तीर्थयात्रा व व्रते आचरलेल्या रमाबाईंना बाप्तिस्माही प्रथम एक साधनच वाटला असावा, असे आमचे मत आहे. स्वतःच्या पात्रतेचा हिशेब सोडल्यावरच त्यांना शांती लाभली.

मात्र कृपेने प्रयत्न संपत नाही. त्याचे स्थान बदलते. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुलींचा त्यांनी केलेला सांभाळ हे तारणाचे मोल नव्हे, फळ होय. हा भेद न जाणता केलेले त्यांच्या सेवाकार्याचे मूल्यमापन अपुरेच राहील.