अस्सल कागद, खोटा मजकूर : साताऱ्याची गुप्त फाइल

मंडळी, आजचा विषय तसा अडचणीचा आहे. मराठी इतिहासलेखनाने कागदावर फार जीव टाकला. राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, आणि तेव्हापासून आपल्याला एक सवय लागली. बखर आली की आपण भुवया उंचावतो, अस्सल कागद आला की हात जोडतो. शिक्का तपासला, मोडीचे वळण तपासले, शाई-कागद तपासला, झाले! आता आमचा प्रश्न असा, की कागद शंभर टक्के अस्सल आहे, सरकारी दप्तरातूनच आला आहे, सही ज्याची त्याचीच आहे, आणि आतला मजकूर मात्र कुजका आहे, तर आपण काय करणार? इंग्रजी गुप्त पत्रव्यवहार वाचताना नेमके हेच होते. म्हणून आज छत्रपती प्रतापसिंहांचे प्रकरण घेऊ.

घटनाक्रम बहुतेकांना माहीत आहे, झटकन सांगतो. 1819 च्या तहाने कंपनीने साताऱ्याची गादी प्रतापसिंहांना दिली. सप्टेंबर 1839 मध्ये गव्हर्नर सर जेम्स कारनॅकने त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले. धाकटे भाऊ शहाजी गादीवर आले. प्रतापसिंह 1847 साली काशीतच वारले. 1848 मध्ये शहाजीही गेले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. आरोप तीन होते : गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान, आणि कंपनीच्या पलटणीतल्या देशी सुभेदारांना फितवणे.

आता फाइलकडे एक लेखन म्हणून बघू या. तिची एक रचना आहे. रेसिडेंट लिहितो मुंबईला, मुंबई लिहिते कलकत्त्याला, आणि शेवटी ते लंडनला जाते, जिथे 1784 च्या कायद्याने नेमलेली जास्तीत जास्त तीन डायरेक्टरांची गुप्त समिती बसलेली असते. प्रत्येक पायरीवर खालच्याने लिहिलेल्याचा गोषवारा होतो. साताऱ्यात जे 'असे ऐकिवात आहे' असते ते वर जाता जाता 'असे दिसते' होते, आणि आणखी वर गेले की 'हे सिद्ध झालेच आहे'. मधल्या कुणीही धडधडीत खोटे बोलायची गरज पडत नाही. गोषवाऱ्यात शंका गळते, एवढे पुरते.

दुसरे, माणसे मोजा. ऑक्टोबर 1836 मध्ये जे गुप्त चौकशी मंडळ बसले त्यात तिघे होते : रेसिडेंट लॉडविक, मुंबई सरकारचा सचिव विलोबी आणि ओव्हान्स. पुढे ओव्हान्सच साताऱ्याचा रेसिडेंट झाला. म्हणजे चौकशी करणारा, तिची टिपणे वर सरकवणारा आणि पुढचा पुरावा गोळा करणारा हे एकाच खोलीतले लोक. राजाने साक्षीपुराव्याच्या नकला मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. आपल्याकडे गावच्या पंचायतीतसुद्धा समोरच्याला 'हे बाबा, तुझ्यावर असा आळ आहे, बोल' म्हणतात. इथे 'गुप्त' शब्दाचा उपयोग शत्रूपासून लपवण्यासाठी कमी आणि आरोपीपासून लपवण्यासाठी जास्त झाला.

आणि गिरजाबाईंचा अर्ज! दिवाण गोविंदराव कैदेत असताना त्यांच्या आईच्या नावाने सरकारकडे अर्ज आला, कटाची जणू कबुलीच. खटल्याच्या बांधणीत त्याला वजन मिळाले. पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या इसमाने तो आपणच लिहिल्याचे सांगितले. ओव्हान्सने ही गोष्ट वेळेवर वर कळवली नाही, असा आरोप लंडनमध्ये झाला. आता बघा, दप्तराच्या दृष्टीने हा अर्ज अस्सल आहे. त्या काळचा, सरकारात खरोखर आलेला, नोंदलेला. आपली सगळी कसोटी तो पार करतो.

ज्या गोष्टी फाइलमध्ये मागच्या बाजूला पडल्या, त्याच वाचायच्या असतात. तहातल्या जहागिरींवर हुकूम कुणाचा, हा राजाचा आणि मुंबई सरकारचा जुना वाद होता. 1835 मध्ये डायरेक्टरांनी राजाच्या कारभाराची तारीफ करून पत्र आणि रत्नजडित तलवार पाठवली, ती मुंबई सरकारने राजाच्या हाती पोचूच दिली नाही. वादातला प्रतिपक्षच राजाचा न्यायाधीश झाला होता, हे कळायला आरोपपत्र नव्हे, ही अडवलेली तलवार उपयोगी पडते.

या विषयावरच्या मराठी लेखनाबद्दलही बोलले पाहिजे. प्रबोधनकार ठाकऱ्यांचे 'हिंदवी स्वराज्याचा खून' 1922 साली आले. त्याच वर्षी मेजर बी. डी. बसूंचे इंग्रजी पुस्तकही. प्रबोधनकारांनी हे प्रकरण घराघरांत नेले, त्यांच्या भाषेला धार आहे, आणि ते ऋण मोठे आहे. पण आमची तक्रार अशी, की त्यांची नजर खलनायक शोधते. बाळाजीपंत नातू सापडले, सांगलीकर सापडले, ओव्हान्स सापडला, की वाचकाचा राग फिटतो. घरभेदी होतेच, त्यांना सोडा असे कोण म्हणतो? पण घरभेद्याच्या कुजबुजीला सरकारी सत्याचा दर्जा देणारी जी टपालाची आणि टिपणांची यंत्रणा, तिच्याकडे मग कुणी बघत नाही. ती कुजबूज वाड्याच्या ओसरीवरच राहिली असती तर राज्य गेले नसते.

प्रतापसिंहांना मात्र ही यंत्रणा बरोबर कळली होती, असे आम्हाला वाटते. ते स्वतः रोजनिशी ठेवणारे गृहस्थ. ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिला तो साताऱ्याचा कारभार पाहिल्यावर, त्यामुळे कागदातून इतिहास कसा घडतो हे त्यांनी जवळून पाहिलेले. ऑगस्ट 1839 मध्ये कारनॅक साताऱ्यास आला तो माफी घेऊनच. एका कागदावर सही करा, गादी तुमची. कागदाच्या सुरुवातीलाच अशी शब्दरचना होती की सही म्हणजे गुन्ह्याची कबुली. राजाने सही नाकारली. पुष्कळांना हा हट्ट वाटला, आजही वाटतो. पण कल्पना करा, सही झाली असती तर फाइलला जे हवे होते ते मिळाले असते : आरोपीच्या हातचा, निःसंशय अस्सल कागद.

पुढची लढाईही कागदाचीच. रंगो बापूजी लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तिथे राहिले. जॉर्ज टॉमसन, जोसेफ ह्यूम यांच्यासारखे लोक बोलू लागले, आणि या दबावातून गुप्त कागद पार्लमेंटसाठी छापले गेले. त्या छापील बाडांत आरोप आणि प्रतिवाद प्रथमच शेजारी शेजारी आले. सातारा प्रकरण वाचायचे असेल त्याने आधी ती बाडे उघडावीत, मग मुंबईची मूळ टिपणे, आणि प्रत्येक टिपणाच्या समासात दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात : हे लिहिणाऱ्याला कुणी सांगितले, आणि त्या दिवशी राजाला यातले काय माहीत होते.