स्वाध्यायाचा क्रम आणि भाषेची पायरी

सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा स्वाध्याय करू इच्छिणाऱ्यांसाठी डच शास्त्रज्ञ गेरार्ड ट होफ्ट (नोबेल पारितोषिक, १९९९) यांनी सिद्ध केलेली विषयसूची विख्यात आहे. प्राथमिक गणित, अभिजात यामिकी, विद्युत्‌चुंबकत्व, पुंजयामिकी, सापेक्षता आणि अखेरीस पुंजक्षेत्र सिद्धांत असा तिचा चढता क्रम यथार्थच होय. परंतु तिच्या आरंभी भाषेचे कलम आहे: इंग्रजी ही पूर्वअट, येत नसल्यास ती शिकावी. येथे सूचीचा विचार अपुरा पडतो.

शोधनिबंध बहुतांशी इंग्रजीत असल्याने अट वाजवी आहे. आक्षेप आहे तो तिच्या स्थानाविषयी. घरी झाडीबोली बोलणारा सिंदेवाहीचा विद्यार्थी 'ण' व 'ळ' यांच्या जागी 'न' व 'र' उच्चारतो, शाळेत ग्रांथिक मराठी वाचतो आणि पुढे इंग्रजीकडे वळतो. व्यवहारात बल, शक्ती, जोर हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात. शास्त्रात मात्र बल म्हणजे संवेग बदलण्याचा दर आणि शक्ती म्हणजे कार्य होण्याचा दर. हा भेद मनात ठसण्यापूर्वीच 'फोर्स' व 'पॉवर' ही नावे पाठ झाली, तर गोंधळ केवळ झाकला जातो. याउलट 'क्षेत्र' हा शब्द पाहावा. 'शेत' हा त्याचाच तद्भव. धानाच्या बांधीत प्रत्येक ठिकाणी पाण्याची काही एक खोली असते. तद्वत् अवकाशातील प्रत्येक बिंदूशी एखादी राशी निगडित असणे, हेच भौतिकशास्त्रातील क्षेत्र होय.

सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह लान्दाऊ यांची 'सैद्धांतिक किमान' ही परीक्षा १९३४ ते १९६१ या काळात अवघे ४३ जण उत्तीर्ण झाले. तेथे समोर परीक्षक होता. एकट्या अभ्यासकास तो लाभत नाही. उदाहरणाचे उत्तर जुळले तरी अर्थ उमगलाच असे नव्हे. म्हणून प्रत्येक प्रकरणातील एक तरी सिद्धता चिन्हांवाचून, सरळ मराठी वाक्यांत लिहून पाहावी. प्रतिशब्द नसल्यास इंग्रजी शब्द व्याख्येसह ठेवावा. वाक्य तरीही अडले, तर आकलनच अडले आहे असे समजावे.

सूचीतील भाषेचे कलम, तात्पर्य, प्रत्येक पायरीवर पुन्हा लिहिले पाहिजे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातील अभ्यासकांना याची निकड अधिक आहे.